नाक्यावरची तपासणी आणि वर्गातली चाचणी

मुंबईहून महामार्गाने दक्षिणेकडे निघालेला प्रवासी राजापूर मागे टाकून पुढे आला, की सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उंबरठ्यावर त्याला खारेपाटण लागते. हे गाव पूर्वापार नाक्याचेच. येथे सापडलेल्या शिलाहार राजा रट्टराजाच्या ताम्रपटात (शके ९३०, इ.स. १००८) परदेशांतून येणाऱ्या जहाजांवरील सुवर्णकराचा उल्लेख आहे. खाडीतली जहाजे गेली, मोटारी आल्या. पण येणाऱ्याला थांबवून त्याची चौकशी करण्याचे गावाचे काम काही सुटले नाही. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा जिल्ह्यात येणाऱ्या प्रत्येक वाहनाची नोंद, प्रवाशांच्या अंगातील तापाची तपासणी आणि परवान्यांची छाननी याच खारेपाटणच्या नाक्यावर होऊ लागली. त्या वर्षी गणेशोत्सवासाठी येणाऱ्या चाकरमान्यांना शासनाने घातलेली अट अनेकांच्या स्मरणात असेल. १२ ऑगस्टपर्यंत पोहोचणाऱ्यांनी दहा दिवस विलगीकरणात राहावे. त्यानंतर येणाऱ्यांनी बाधा नसल्याचा चाचणी-अहवाल दाखवावा. पुढे मे २०२१ मध्ये जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पत्रादेवीच्या नाक्यावर, गोव्यात जाणाऱ्यांकडेही तसाच अहवाल मागितला जाऊ लागला. अहवालाचा कागद हा प्रवासाचा परवाना झाला.

रोगाची साथ सीमेवर अडविण्याचा हा प्रयत्न त्या घटकेला समजण्यासारखा होता. परंतु नाक्यावरच्या तपासणीने मनाला एक सवय लावली. चाचणी म्हणजे दाखला, तो एकदा मिळाला की काम झाले, ही ती सवय. हीच सवय नंतर शाळांच्या बाबतीत राज्यकर्त्यांनी, प्रशासनाने आणि समाजानेही चालू ठेवली. साथ ओसरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तरीही जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या विषाणूच्या वार्ता आल्या आणि त्याच वर्षी मे-जूनमध्ये करोनाचे रुग्ण पुन्हा काहीसे वाढले, तेव्हा पालकांच्या तोंडी पहिला प्रश्न आला तो शाळांचाच. त्या प्रश्नाला उत्तर देण्याची सिद्धता आपल्या माध्यमिक शाळांत आहे काय, याचा विचार शांततेच्या काळातच व्हावयास हवा.

एकदाच झालेली चाचणी

महाराष्ट्रातील नववी ते बारावीचे वर्ग आठ महिन्यांच्या खंडानंतर २३ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाले. त्यापूर्वी १७ ते २२ नोव्हेंबर या काळात शिक्षकांनी आरटी-पीसीआर चाचणी करून घ्यावी, असा शासनाचा आदेश होता. विद्यार्थ्यांच्या बाबतीत पालकांचे लेखी संमतीपत्र, शाळेच्या दारात तापमापक यंत्र आणि बाकावर एकच मूल एवढ्यावर व्यवस्था थांबली. शाळा सुरू झाल्या त्या दिवशी जाहीर झालेल्या आकड्यांनुसार सुमारे १ लाख ४१ हजार शिक्षकांची चाचणी झाली आणि त्यांपैकी १,३५३ शिक्षक बाधित आढळले. म्हणजे शंभरांत जवळजवळ एक. या शिक्षकांपैकी अनेकांना आपण बाधित आहोत याची कल्पनाही नव्हती. त्या दृष्टीने ही मोहीम वाया गेली असे कोणी म्हणणार नाही.

पण प्रश्न पुढचा आहे. १८ तारखेला ज्या शिक्षकाचा अहवाल निर्दोष आला, तो २५ तारखेला कोणत्या स्थितीत होता? मधल्या आठवड्यात त्याने एस.टी.ने प्रवास केला, बाजार केला, एखाद्या लग्नाला हजेरी लावली. चाचणी ही त्या घटकेची स्थिती सांगते. उद्याचे काहीच सांगत नाही. वजनकाट्यावर एकदा उभे राहिल्याने वर्षभराची प्रकृती कळत नाही, तसेच हे आहे. आणि ज्या वर्गात तो शिक्षक जाऊन उभा राहणार, त्या वर्गातील चाळीस मुलांची चाचणी तर एकदाही झाली नव्हती. तापमापक यंत्राने ताप कळतो. ज्याला ताप नाही पण जो विषाणू बाळगून आहे, असा विद्यार्थी त्या यंत्रासमोरून निर्धास्त जातो. मुलांमध्ये असे लक्षणविरहित संसर्ग बरेच असतात, हे तोवर सर्वांना माहीत झाले होते.

परिणाम दिसावयास फार काळ लागला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशीम जिल्ह्यातील देगाव येथील निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले. डिसेंबर २०२१ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) टाकळी ढोकेश्वर येथील जवाहर नवोदय विद्यालयात प्रथम १९ विद्यार्थी सापडले आणि थोड्याच दिवसांत ही संख्या पन्नासाच्या वर गेली. त्याच महिन्यात नवी मुंबईत घणसोली येथील एका शाळेत परदेशाहून परतलेल्या पालकाच्या निमित्ताने शोध सुरू झाला, तेव्हा शेकडो मुलांच्या चाचण्या कराव्या लागल्या आणि डझनाहून अधिक मुले बाधित निघाली. या घटनांत एक समान धागा आहे. कोणीतरी आजारी पडल्यावर किंवा बाहेरून काही कळल्यावर शोध सुरू झाला. आणि तोवर विषाणू वर्गात, भोजनगृहात आणि शयनगृहात पोहोचून चुकला होता. यात त्या संस्थांना दोष देण्याचे कारण नाही. आधी पाहण्याची व्यवस्थाच कोणी त्यांच्या हाती दिली नव्हती.

रुग्ण न शोधण्याचे बक्षीस

दुसऱ्या लाटेनंतर शासनाने ग्रामीण शाळांसाठी एक निराळा मार्ग काढला. जुलै २०२१ मध्ये असे ठरले, की ज्या गावात महिनाभर करोनाचा रुग्ण आढळला नाही, तेथे ग्रामपंचायतीच्या ठरावाने आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करता येतील. शिक्षकांची राहण्याची सोय शक्यतो त्याच गावात व्हावी, त्यांनी सार्वजनिक वाहनाने ये-जा करू नये, अशाही सूचना होत्या. निर्णय गावाच्या हाती देण्यामागची भावना स्तुत्यच होती. ज्याने दीड वर्ष शाळेचे तोंड पाहिले नाही, अशा खेड्यातल्या मुलाच्या दृष्टीने तो दिलासाही होता. त्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली होती आणि अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला होता. त्या निकालाचा आनंद किती मानावा, हे शिक्षकांना कोणी सांगावयास नको.

तथापि या नियमात एक मोठी उणीव होती. ‘रुग्ण आढळला नाही’ याचे अर्थ दोन होतात. गावात रुग्ण नव्हता हा एक. आणि गावात कोणी चाचणीच केली नाही हा दुसरा. कागदावर दोन्हींची नोंद सारखीच. ज्या गावाने दक्षता दाखवून चाचण्या केल्या आणि एक रुग्ण शोधला, त्याची शाळा बंद. ज्या गावाने डोळे मिटून घेतले, त्याची शाळा चालू! असा नियम असला म्हणजे ताप आलेला मनुष्य आरोग्य केंद्राकडे न जाता घरीच काढा पिऊन पडून राहतो, आणि त्याला तसे सुचविणारे शेजारीही भेटतात. हा लोकांच्या अडाणीपणाचा दोष नव्हता. लोक नियमाचा अर्थ अगदी बरोबर समजले होते.

शिक्षकांच्या बाबतीतही तेच. चाचणी होकारार्थी आली की शाळा बंद, गावात चर्चा, पालकांचा रोष, आणि विनाअनुदानित संस्थेत तुटपुंज्या मानधनावर काम करणारा असेल तर बुडालेल्या दिवसांचा प्रश्न. विद्यार्थ्याच्या वाट्याला तर ‘याच्यामुळे शाळा बंद झाली’ हा शिक्का. शोधून काढणे हीच शिक्षा ठरली, तर कोणतीही चाचणी, ती कितीही स्वस्त आणि सोपी असली, तरी उपयोगी पडणार नाही. नियमित चाचणीच्या प्रश्नाचे मर्म प्रयोगशाळेत नसून या ठिकाणी आहे.

इंग्लंडने काय केले

या संदर्भात इंग्लंडचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथील माध्यमिक शाळा ८ मार्च २०२१ रोजी पुन्हा उघडल्या, त्या नियमित चाचणीच्या आधारावर. प्रत्येक विद्यार्थ्याच्या आरंभी शाळेतच तीन चाचण्या घेण्यात आल्या. नंतर आठवड्यातून दोनदा घरच्या घरी करावयाच्या चाचणीचे संच मुलांना आणि शिक्षकांना देण्यात आले. या अँटिजेन चाचण्या होत्या. आरटी-पीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती तयार करून तो शोधला जातो, म्हणून ती अत्यंत सूक्ष्म. पण तिला प्रयोगशाळा लागते आणि वेळही लागतो. अँटिजेन चाचणी विषाणूचे प्रथिन ओळखते. ती थोडा संसर्ग असल्यास चुकते. परंतु शरीरात विषाणू भरपूर असतो आणि माणूस इतरांना बाधा देऊ शकतो, तेव्हा ती बहुधा खूण दाखविते, आणि तीही पाव-अर्ध्या तासात. कोलोरॅडो आणि हार्वर्ड विद्यापीठांतील संशोधकांनी २०२० साली गणिताने दाखविले होते, की साथ रोखण्यासाठी चाचणीच्या सूक्ष्मतेपेक्षा ती किती वेळा होते आणि तिचा निकाल किती लवकर हाती येतो याला अधिक महत्त्व आहे. इंग्लंडच्या योजनेमागे हाच विचार होता.

योजना निर्दोष मात्र नव्हती. एका विद्यार्थ्याला बाधा झाली की त्याच्याबरोबरचा सगळा गट घरी पाठविण्याची पद्धत चालूच राहिली. जुलै २०२१ च्या मध्यास करोनाच्या कारणाने घरी असलेल्या मुलांची संख्या दहा लाखांच्या आसपास गेली, आणि त्यांतील बहुसंख्य मुले स्वतः बाधित नव्हती. मग प्रश्न असा पुढे आला, की संपर्कात आलेल्या मुलांना घरी न पाठविता रोज चाचणी करून वर्गात बसू दिले तर? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१ शाळांत हा प्रयोग केला. संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडत नाही, असा निष्कर्ष त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. चाचणीचा खरा उपयोग येथे दिसतो. शाळा बंद करण्यासाठी जिचा वापर होत होता, तीच चाचणी शाळा चालू ठेवण्यासाठी वापरता येते. जर्मनीतील नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याने प्राथमिक शाळांत आणखी सोपी युक्ती योजिली. मुलांनी कापसाची काडी अर्धा मिनिट तोंडात चोखावयाची, वर्गातील सगळ्या काड्यांची एकत्र तपासणी करावयाची, आणि तीत काही आढळले तरच एकेका मुलाकडे वळावयाचे. नाकात काडी घालण्याची भीती गेली आणि खर्चही वाचला.

खर्चाचा आणि चुकांचा हिशेब

हे सारे खारेपाटणच्या शाळेत कसे व्हावे, अशी शंका कोणीही व्यावहारिक मनुष्य काढील, आणि ती रास्तच आहे. महाराष्ट्रात खासगी प्रयोगशाळांतील आरटी-पीसीआर चाचणीचा कमाल दर जून २०२० मध्ये २,२०० रुपये होता. तो मार्च २०२१ अखेर ५०० रुपयांवर आला. अँटिजेन चाचणीचा दर त्या वेळी १५० रुपये ठरला. मे २०२१ मध्ये पुण्याच्या ‘मायलॅब’ने घरी करावयाचा संच २५० रुपयांत आणला. आता समजा, एखाद्या माध्यमिक शाळेत विद्यार्थी, शिक्षक आणि शिक्षकेतर मिळून पाचशे माणसे आहेत. १५० रुपयांच्या दराने आठवड्यातून एकदा सर्वांची चाचणी करावयाची, तर आठवड्याला ७५ हजार रुपये लागतील. शासनाने घाऊक खरेदी केली आणि हा खर्च निम्म्यावर आला, तरी ज्या शाळेला वेतनेतर अनुदानातून खडू आणि विजेचे बिल भागविताना नाकी नऊ येतात, तिच्यासमोर हा आकडा मांडणे ही थट्टाच ठरेल.

दुसरी अडचण गणिताची आहे. समजा, हजारांत एक चाचणी खोटी होकारार्थी निघते. पाचशे माणसांची आठवड्यातून दोनदा चाचणी झाली, तर दर आठवड्याला एक निरोगी मूल विनाकारण घरी जाईल. साथ भरात असताना खऱ्या रुग्णांच्या संख्येपुढे ही चूक नगण्य ठरते. पण साथ नसताना, जेव्हा आठवड्याला खरा रुग्णही जेमतेम एक सापडावयाचा, तेव्हा दर दोन होकारार्थी निकालांपैकी एक खोटा असेल. अशा चाचणीवर कोणाचा विश्वास राहील? इंग्लंडनेही फेब्रुवारी २०२२ मध्ये बहुतेक शाळांतील नियमित चाचणी थांबविली. म्हणजे ‘सर्वांची, सदासर्वकाळ’ ही घोषणा आकर्षक असली, तरी शहाणपणाची नाही.

मग नियमित चाचणीची कल्पनाच सोडून द्यावयाची काय? तसे केल्यास आपण पुन्हा २०२० सालातच जाऊन पोहोचू. अज्ञानाची किंमतही कोणीतरी मोजली आहे. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत राज्यभरातील शाळा एका आदेशाने बंद झाल्या. मुंबईतील स्थिती आणि कणकवली तालुक्यातील एखाद्या गावची स्थिती यांत भेद करण्यासाठी लागणारी माहितीच हाती नव्हती. अंधारात चालणाऱ्याने पाऊल आखडते घ्यावे, यात गैर काही नाही. परंतु दिवा लावणे शक्य असताना अंधारातच चालत राहणे याला सावधगिरी म्हणता येणार नाही. ‘असर’च्या देशव्यापी पाहणीत दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरलेले दिसले. ही मुले आता माध्यमिक शाळांच्या दारात येत आहेत. बंद शाळांचा हिशेब असा वर्षानुवर्षे चुकता करावा लागतो.

हजेरीपटापासून आरंभ

व्यवहार्य मार्ग या दोन टोकांच्या मध्ये आहे, आणि त्याचा आरंभ प्रत्येक वर्गशिक्षकाच्या हातातील हजेरीपटापासून होतो. एखाद्या वर्गातील पाच-सहा मुले एकाच आठवड्यात ताप-खोकल्याने गैरहजर राहिली, तर ती नोंद हीच पहिली चाचणी होय. तिला पैसा लागत नाही. आज ती नोंद वर्षअखेरीच्या सरासरीसाठी पडून राहते. ती त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे गेली पाहिजे, आणि केंद्राने त्या वर्गातील मोजके नमुने घेतले पाहिजेत. पाचपर्यंत नमुने एकत्र तपासण्याची पद्धत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल २०२० मध्येच मान्य केली होती. त्या पद्धतीने, बाधा विरळ असताना, चाळीस मुलांच्या वर्गाचे निदान आठ चाचण्यांत होऊ शकते.

यासाठी लागणारी माणसे आणि यंत्रणा अगदीच नाहीत असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके २०१३ पासून शाळांतून जात आहेत. शाळेत वर्षातून एकदा जाण्याऐवजी गरज पडेल तेव्हा जाण्याचे काम त्यांच्याकडे देता येईल. सिंधुदुर्गात साथीच्या पहिल्या महिन्यांत प्रयोगशाळा नव्हती. नमुने जिल्ह्याबाहेर जात आणि निकालाची वाट पाहत माणसे विलगीकरणात दिवस काढीत. पुढे ओरोसला प्रयोगशाळा झाली; आता जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. प्रयोगशाळा जवळ असण्याचे मोल या जिल्ह्याला करोनापूर्वीही कळले होते. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात काजूच्या हंगामात माकडतापाचे रुग्ण आढळू लागले, तेव्हा निदानासाठी जिल्ह्याबाहेरच्या संस्थांकडे पाहावे लागत होते. मोठ्या साथीसाठी उभारलेली यंत्रे साथ गेल्यावर कापडाखाली झाकून ठेवावयाची, की डेंग्यू, इन्फ्लुएन्झा, माकडताप यांच्यासाठी ती वापरात ठेवावयाची, हा निर्णय शासनाचा आहे. वापरात राहिलेले यंत्रच संकटाच्या दिवशी चालते.

निवासी शाळा, आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांचा विचार मात्र वेगळा करावयास हवा. तेथे मुले एकत्र जेवतात, एकत्र झोपतात. देगाव आणि टाकळी ढोकेश्वर यांनी तो धोका दाखवून दिला आहे. साथीची चाहूल लागताच अशा ठिकाणी खरोखरच ठराविक दिवशी, सर्वांची, विनामूल्य चाचणी झाली पाहिजे. सुटीहून परतणाऱ्या मुलांची दारात एक चाचणी आणि काही दिवसांनी दुसरी, एवढ्यानेही पुष्कळ अनर्थ टळेल.

यांत्रिक सिद्धतेहून महत्त्वाची आहे ती नियमांची. चाचणी होकारार्थी आली म्हणून संपूर्ण शाळा बंद होणार नाही. बाधित शिक्षकाचा, मग तो अनुदानित संस्थेतला असो वा नसो, एक दिवसाचाही पगार कापला जाणार नाही. आजारी विद्यार्थ्याचे दिवस बोर्डाच्या ७५ टक्के उपस्थितीच्या अटीत त्याच्याविरुद्ध धरले जाणार नाहीत. त्याचे नाव व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरणार नाही. आणि पालकांच्या संमतीशिवाय मुलाला हात लागणार नाही. ही आश्वासने आगाऊ आणि लेखी दिली गेली, तर चाचणीपासून लपण्याचे कारणच उरणार नाही. ती न देता कोट्यवधी रुपयांचे संच वाटले, तरी ते शाळेच्या कपाटात मुदत संपेपर्यंत पडून राहतील.

साथीच्या काळात शिक्षकांनी तपासणी नाक्यांवर पहारे दिले, घरोघर फिरून नोंदी केल्या, ज्या शाळांत शिकवावयाचे त्याच शाळांत विलगीकरणातील माणसांची व्यवस्था पाहिली. ज्याच्याकडून समाजाने एवढे काम घेतले, त्याच्या स्वतःच्या वर्गात काय चालले आहे हे त्याला वेळेवर कळावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. नाक्यावर माणूस एकदा येतो आणि पुढे जातो; तेथे एकदा केलेली तपासणी चालून जाते. शाळेत तीच माणसे रोज एकमेकांच्या शेजारी बसतात. त्यांची विचारपूसही रोजचीच असावयास हवी. पुढची साथ खारेपाटणच्या नाक्यावर येऊन थांबेल, या भरवशावर राहण्याइतके आपण आता अनभिज्ञ राहिलेलो नाही. तिची वार्ता गावातील शाळेच्या हजेरीपटावर आधी उमटेल. ती तेथे वाचण्याची आणि निर्भयपणे सांगण्याची सोय आजच झाली, तर शाळेला कुलूप लावण्याची वेळ पुन्हा येणार नाही, निदान आंधळेपणाने तरी येणार नाही.